भाकरी न सोडता वजन कसं उतरवायचं

आपल्याकडे कुणी वजन कमी करायचं मनावर घेतलं की सगळ्यात आधी संक्रांत येते ती भाकरीवर. घरात ओट्सची पाकिटं येतात, सकाळी लिंबू-मध सुरू होतं, रात्री नुसतं सूप. आठ-पंधरा दिवस हा कारभार चालतो. मग पाहुण्यात एखादं बारसं निघतं, पंगतीत बसावं लागतं, आणि सगळं पहिल्यासारखं होतं. माणूस म्हणतो, माझ्यात चिकाटीच नाही. चिकाटीचा प्रश्न नसतो. जे अन्न आपल्या घरात शिजत नाही, आपल्या बाजारात सहज मिळत नाही आणि आपल्या जिभेला आपलं वाटत नाही, त्यावर वर्षभर निभावणं कुणालाही जड जातं.

म्हणून हा लेख ज्वारी, तूर, हरभरा, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी आणि ताक एवढ्यावरच उभा आहे. बीड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठल्याही घरात हे असतंच. वजन उतरवायला पदार्थ बदलावे लागत नाहीत, ताटातलं त्यांचं माप बदलावं लागतं. त्याला चालण्याची आणि थोड्या अंगमेहनतीची जोड द्यायची. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. एकदम सगळ्या सुरू करू नका.

सुरुवातीला टेप आणि काटा

शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. पहाटे पोट मोकळं झाल्यावर, श्वास सोडून, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये पोटाभोवती टेप फिरवा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि बायकांमध्ये ८० पेक्षा जास्त भरलं, तर पोटाच्या आत चरबी साठलेली आहे असं समजा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या दृष्टीनं दंडावरच्या किंवा मांडीवरच्या चरबीपेक्षा ही चरबी वाईट.

आता वजन. घरी काटा नसला तर मेडिकलवर किंवा दवाखान्यात करून या. वजनाच्या किलोंना मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की जो आकडा येतो तो बीएमआय. भारतीय माणसासाठी तो २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा असं धरतात. युरोपातल्या लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्यासाठी ते खाली आणण्याचं कारण असं की तेवढ्याच वजनात आपल्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचा २३ चा आकडा ५९ किलोला येतो आणि २५ चा ६४ ला. १७० सेंटिमीटरच्या माणसाला हेच साधारण ६६ आणि ७२.

पण एवढं गणित करून लगेच ५९ च्या मागे धावू नका. वजन ८० असेल तर सहा महिन्यांत ४ ते ८ किलो उतरवायचं एवढंच ठरवा. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांच्यात फरक दिसू लागतो. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे. ‘महिन्यात दहा किलो’ असं लिहिलेली पावडर कुणी दिली तर हातही लावू नका, मग ती देणारा जवळचा नातेवाईक का असेना.

काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी. रोज पाहिलं तर मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी आकडा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर

हे आधीच सांगून ठेवायला हवं. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब साखर किंवा गूळ खा आणि डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरेल तसा बदलावा लागू शकतो, आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा. चालताना छातीत दाटतं, थोड्या चालण्यानं धाप लागते, पूर्वी हृदयाचा त्रास झालाय, अशांनी तपासणी करूनच सुरुवात करावी. बाई गरोदर असेल किंवा लेकरू अंगावर पीत असेल तर वजन उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

बाकीच्यांनी निदान रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं. तीस वर्षांवरच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. हिमोग्लोबिन यासाठी की आपल्याकडच्या अनेक बायका वजनानं भरलेल्या आणि रक्तानं कमी अशा असतात. अशा बाईनं आणखी जेवण तोडलं तर वजनाआधी तिची ताकदच संपते.

पहिले दोन आठवडे : फक्त तेल आणि चहा

या दोन आठवड्यांत भाकरीला, भाताला हात लावायचा नाही. फक्त दोन गोष्टी मोजायच्या.

तेलाचा हिशेब घरातल्या डब्यापासून सुरू करा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर एका माणसाच्या वाट्याला रोज ४२ मिलिलिटर तेल येतं. त्याच्या कॅलरी साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढ्या. एवढं पोटात जातं आणि पोट मात्र भरत नाही. करडईचं असो, सूर्यफुलाचं असो की घाण्याचं शेंगदाणा तेल, वजनाच्या हिशेबात सगळी सारखीच. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमला ४. चार माणसांत महिन्याला अडीच लिटर हे लक्ष्य ठेवा. माणशी दिवसाला साधारण चार छोटे चमचे.

हे साधायचं तर बाटली आणि पळी दोन्ही ओट्यावरून उचला. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत मोजून काढा : चार जणांचे सोळा छोटे चमचे. दोन्ही वेळच्या फोडण्या, धपाटे, चटणी, सगळं त्यातूनच. कढई जराशी तिरकी धरा म्हणजे थोडं तेलही एका जागी साठतं आणि मोहरी नीट तडतडते. मग कांदा टाका. कांदा खाली लागू लागला की आपला हात सवयीनं तेलाकडे जातो, तिथं पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. वाफेवर कांदा मऊ पडतो, पुन्हा परता, रंगही येतो. भाजीवर तर्री दिसणार नाही आणि पहिले चार दिवस घरात कुरकुर होईल, त्याची तयारी ठेवा. काळा मसाला किंवा येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसाला) जरा कोरडं भाजून घातलं तर चवीची कसर बरीच भरून निघते.

फोडणीइतकंच तेल आपण वरून घेतो आणि ते मोजत नाही. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार, भुरक्यात म्हणजे लाल तिखटाच्या चटणीत तेल, पिठल्याच्या मध्ये आळं करून तेल. शेंगदाणे स्वतःच अर्ध्याच्या जवळपास तेल आहेत. त्यावर पुन्हा तेल कशाला? चटणी ताकात किंवा दह्यात कालवा. धपाट्यांना तव्याच्या कडेनं तेल सोडण्यापेक्षा अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवा.

चहाचं गणित त्याहून सोपं. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. सोबत खारी, टोस्ट असलं तर हिशेब आणखी वर. गुळाचा चहा पिऊन वजन उतरत नाही, गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत म्हणण्यासारखा फरक नाही. साखर एकदम बंद करू नका. कपाला अर्धा चमचा कमी करा, चार दिवसांनी आणखी अर्धा. जीभ आठ-दहा दिवसांत सरावते. पाहुण्यांकडे, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत, जाईल तिथं चहा पुढे येतो आणि नाही म्हटलेलं लोकांना लागतं. ‘अर्धाच द्या, साखर कमी केलीय’ असं आधीच सांगितलं की कुणी वाईट मानत नाही.

उन्हाळ्यात चहाची जागा रसवंती घेते. ग्लासभर उसाच्या रसात तीस ग्रॅमहून जास्त साखर असते. थंड पेयांची बाटलीही त्याच लायकीची. त्याऐवजी पातळ ताक, मीठ बेताचं, जिरं आणि कोथिंबीर.

तिसऱ्या आठवड्यापासून ताट बदला

आपलं नेहमीचं ताट डोळ्यांपुढे आणा. तीन भाकरी, वाटीभर पिठलं किंवा वरण, ठेचा, एक कांदा, शेवटी भात. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. पण ताटाचा पाऊण भाग ज्वारी आणि तांदूळ यांनीच व्यापलाय, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि डाळ भाकरी भिजवण्यापुरती.

हे उलटं करायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ किंवा उसळ (मांसाहार करत असाल तर अंडी, चिकन, मासे), आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, दोन्हीपैकी एकच. जेवताना क्रम असा की आधी काकडी, मुळा, कांद्याची पात जे असेल ते, मग वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि त्यानंतर भाकरी. भुकेच्या पहिल्या झटक्यात जे समोर असतं तेच जास्त खाल्लं जातं, म्हणून पहिल्या झटक्याला भाजी समोर ठेवा.

‘एवढी भाजी आणायची कुठून’ हा प्रश्न खरा आहे. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत माळवं महाग होतं आणि गावात तर मिळतच नाही. तेव्हा शेवग्याच्या शेंगा, दोडका, भोपळा, कांदा यांवर भर द्या आणि कमी पडेल तिथं मोडाच्या मटकीची, मुगाची उसळ वाढवा. पाऊस पडला की तांदुळजा, घोळ बांधावर फुकट उगवतात. अंबाडी, चुका तुरीच्या डाळीत शिजवा. थंडीत मेथी, शेपू, गाजर, मुळा ढिगानं येतात. हरभऱ्याचे डहाळे सोलत बसणं हा तर संध्याकाळच्या भज्यांना उत्तम पर्याय आहे. हात गुंतलेला राहतो आणि पोटात प्रथिनं जातात.

लातूर-धाराशिवकडच्या लोकांना अशा ताटाचा नमुना बाहेर शोधायची गरज नाही. वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी शिजते, त्यात तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे, पालेभाज्या आणि बेसन असतं, सोबत ज्वारीचे उंडे आणि आंबील. डाळी आणि भाज्या भरपूर, धान्य बेताचं, तळण नाही. वर्षातून एकदा करतो तशीच भज्जी थंडीभर आठवड्यातून एकदा करायला काहीच हरकत नाही.

भाकरी किती?

‘दोन भाकरी’ या शब्दाला काही अर्थ नाही. एका घरातली भाकरी ५० ग्रॅम पिठाची असते आणि दुसऱ्या घरातली सव्वाशेची. एकदा एक किलो पीठ मोजून घ्या आणि त्याच्या किती भाकरी होतात ते पाहा. दहा झाल्या तर तुमची भाकरी शंभर ग्रॅमची, म्हणजे ३३५ कॅलरीच्या आसपास. सोळा झाल्या तर साठ ग्रॅमची, दोनशे कॅलरी. बैठं काम करणाऱ्या बाईनं एका जेवणाला साठ ग्रॅमची एक, पुरुषानं दीड-दोन इथून सुरुवात करावी. शेतात दिवसभर राबणाऱ्यानं भाकरी एवढी तोडू नये. त्याचं वजन बहुधा तेल, चहा आणि बाहेरच्या खाण्यामुळे वाढलेलं असतं.

भाकरीत पोळीपेक्षा कॅलरी खूप कमी असतात असं म्हणतात, ते खरं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम गव्हात जवळपास सारख्याच. भाकरी धरून ठेवायची ती वेगळ्या कारणांनी. ती बिनतेलाची होते, पोळीच्या घडीत आणि तव्यावर तेल जातं. ती चावून खावी लागते, म्हणून जेवण सावकाश होतं. आणि शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू (फायबर) असतो, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण काढलंय, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या घरांनी ते मिळालं तर जरूर घ्यावं. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र भाकरी म्हणजे औषध असं समजू नये. ज्वारीनंही साखर वाढते, तिथं माप पाळावंच लागतं.

प्रथिनांचा हिशेब

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तसं होऊ नये म्हणून रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा.) आपल्या घरात हे असं जमतं : साठ ग्रॅमच्या दोन भाकरींतून १२ ग्रॅम, ४० ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीतून ८-९, तेवढ्याच मटकीतून ८-९, दूध आणि दही मिळून ३०० मिलिलिटर घेतलं तर १०, दोन अंड्यांतून १२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. साठीच्या जवळ गेलो. अंडी खात नसाल तर सोयाबीनच्या वड्या आहेतच, कोरड्या ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात. लातूरच्या बाजारात सोयाबीनची एवढी उलाढाल होते, पण आपल्या ताटात सोयाबीन कितीसं येतं?

शेंगदाण्यांबाबत मूठ ओलांडू नका. ३० ग्रॅमला १७० कॅलरी होतात. टीव्ही बघत खाल्ले तर वाटी कधी संपली ते कळत नाही. डाळ आणि भाकरी एकत्र खाण्याची आपली रीत मात्र पक्की शास्त्रशुद्ध आहे. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं.

दोनदाच जेवायचं का?

लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे ही पद्धत मराठवाड्यात घरोघर पोचली. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दिवसात दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ज्यांचं पोट दिवसभर बिस्किटं, फरसाण, चहा, प्रसाद यांनी भरत असतं त्यांना ही शिस्त मानवते, कारण अधलंमधलं सगळं एकदम सुटतं. पण दोन जेवणांत दुप्पट खाल्लं तर उपयोग नाही. वाढत्या वयाची लेकरं, गरोदर बायका, उन्हात राबणारे मजूर आणि इन्सुलिन घेणारे यांनी ती परस्पर सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. तीन वेळा मापात जेवूनही वजन उतरतं. तुम्हाला जे दोन वर्षं जमेल ते निवडा.

रात्रीचं जेवण मात्र लवकर आणि हलकं. झोप सात तास. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं.

चालणं

चालायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, बस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत दीड-दोन महिन्यांत रोज ४०-४५ मिनिटांवर या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, वजन उतरवायचं तर त्याहून जास्त लागतं. वेग असा की सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

आणि एक भ्रम आताच सोडा. ७० किलोचा माणूस चार किलोमीटर चालला तर दीडशे ते दोनशे कॅलरी जळतात. चालून झाल्यावर टपरीवर एक वडापाव खाल्ला की सगळं वसूल. वजन मुख्यतः ताटावरच उतरतं. चालण्यानं ते उतरलेलं टिकतं, साखर आटोक्यात राहते, झोप लागते. दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारल्या तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, हा मधुमेह असणाऱ्यांसाठी फार कामाचा उपाय आहे.

कुठे चालायचं? संभाजीनगरला विद्यापीठाचा परिसर आहे, जरा दम वाढला की गोगाबाबा टेकडी. परभणीला कृषी विद्यापीठाचे रस्ते. खेड्यात शिवाराची वाट सगळ्यात छान, पण गाड्यांच्या रस्त्यावर असाल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं आणि फिकट कपड्यांत चाला. बायकांनी तीन-चार जणींचा मेळ जमवावा. पहाटेच्या अंधारात एकटीनं निघणं नको वाटतं आणि सोबत असली की खाडे कमी होतात. साडीवरही बूट घाला, कुणी हसलं तर हसू द्या. पातळ तळाच्या चपलेवर रोज चाललं तर टाच धरते आणि मग चालणंच सुटतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत घरी परतायचं, निघण्याआधी पेलाभर पाणी प्यायचं. डोकं दुखलं, मळमळलं, घाम येणं थांबलं तर लगेच सावलीत बसा, अंगावर ओलं फडकं घ्या, आणि बरं वाटेना तर दवाखाना गाठा. घाम काढण्यासाठी पोटाला पट्टे बांधून चालणारे लोक दिसतात. त्यातून जातं ते पाणी, चरबी नव्हे, आणि आपल्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं.

शेतकरी घरात एक गोष्ट हमखास दिसते. रब्बीची काढणी झाली की अंगमेहनत थांबते आणि त्याच वेळी लग्नसराई सुरू होते. खुरपणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळं चालायची गरज नाही. मार्च ते जून मात्र चालणं सोडू नका.

ताकदीचा व्यायाम

चालणं अंगवळणी पडलं की, साधारण पाचव्या आठवड्यापासून, आठवड्यातले दोन-तीन दिवस वीस मिनिटं. जिमची गरज नाही.

१. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी बांधून उभे राहा, पुन्हा सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, खाली जाताना तीन अंक मोजा. दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सहज जमू लागलं की खुर्ची काढून बैठका.

२. भिंतीपासून दोन पावलं मागे उभं राहून तळवे भिंतीवर छातीच्या उंचीला, आणि भिंतीवरच जोर काढायचे. दहा. पुढे हेच ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर.

३. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, कंबर वर उचला, पाच मोजा, खाली. दहा. कंबरदुखीवाल्यांना हा व्यायाम मानवतो.

४. पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन एका हातात घेऊन ताठ चालत अंगणाच्या दोन फेऱ्या, मग दुसऱ्या हातात.

हे चारही झाले की एक फेरी. सुरुवातीला एक, महिन्याभरात तीन. सूर्यनमस्कार येत असतील तर ते उत्तमच, पण वजन फार असताना किंवा मनगट-गुडघा दुखत असताना त्यांनी सुरुवात नको. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. चरबी सगळ्या अंगावरून उतरते, आणि कुठून आधी ते आपल्या हातात नसतं.

उपवास, हुरडा, लग्न

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्यासाठीच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, तूप, वर तळलेले पापड. नेहमीच्या जेवणापेक्षा उपवासाचं ताट जड होतं. उपवास करायचा तर भगर, दह्यातली काकडी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक. तुळजापूर-माहूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावं.

हुरडा जरूर खा, पण तो नाश्ता नव्हे, जेवण आहे. हुरडा झाल्यावर पुन्हा घरी येऊन ताट वाढून घेऊ नका. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, त्यातले मुरमुरे हलके असतात, पण वरचं तेल, दाणे आणि शेव नसतात. पंगतीत बसलात तर वाढपी येण्याआधीच ताटावर हात आडवा धरायची सवय लावा. एक गोड निवडा आणि ते मन लावून खा. संभाजीनगरात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) समोर आला तर फोडी खा, वरची तर्री बाजूला सारा, नान अर्धा. एका जेवणानं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून नेहमीचं सुरू झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करायला जाऊ नका, संध्याकाळपर्यंत भूक दुप्पट होते.

काटा हलेनासा झाला तर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन भराभर उतरतं, त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे वेग मंदावतो. दोन-अडीच महिन्यांनी काटा एका जागी अडकतो आणि बहुतेक लोक तिथंच सोडून देतात. असं झालं की आधी टेप लावा. पोट उतरत असेल तर काम चालू आहे. टेपही हलत नसेल तर तेलाची वाटी आणि भाकरीचं पीठ पुन्हा मोजा, कारण माप नकळत सैल होतं. आणि हलक्या झालेल्या शरीराला अन्नही कमी लागतं, म्हणून पाच किलो उतरले की भाकरी थोडी आणखी लहान करा, नाहीतर चालणं दहा मिनिटांनी वाढवा. दोन्ही एकदम नको.

सगळं नीट मोजून तीन महिने झाले तरी फरक नाही, किंवा सोबत थकवा, अंगावर सूज, केस गळणं, पाळी अनियमित असं काही असेल, तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. तरुण मुलींनी पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. आणि काहीच न करता वजन आपोआप झपाट्यानं उतरत असेल तर खूश न होता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.